वाचकांचे प्रश्न : ब्रेक पॅड स्वतः बदलताना

मागील अंकात घरच्या अंगणात करता येण्याजोग्या वाहनदुरुस्तीची चर्चा केली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक ब्रेकविषयी आहेत. ब्रेकचे काम स्वतः करावे की करू नये, असा सरळ प्रश्न काहींनी विचारला आहे. हायड्रॉलिक नळी न उघडता होणारे पॅड बदलण्याचे काम हाताला पान्याची सवय असलेल्या आणि घाई नसलेल्या माणसाने अवश्य करावे, असे माझे मत आहे. मात्र ‘पॅड बदलणे’ म्हणजे जुने काढून नवे बसवणे एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर ते काम अपुरे राहते. निवडक पत्रांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : माझी हॅचबॅक आठ वर्षांची असून तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. कुंभार्ली घाटातून माझी नेहमी ये-जा असते. पुढचे पॅड या वेळी स्वतः बदलायचे ठरवून चाक काढले, तेव्हा डाव्या बाजूचा आतला पॅड जेमतेम २ मिमी उरलेला आणि बाहेरचा निम्म्याहून अधिक शिल्लक दिसला. दुकानदाराने केवळ पॅडचा सेट दिला आणि बाकी काही लागत नाही असे सांगितले. ते बरोबर आहे का? काम कोणत्या क्रमाने करावे? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण दोन्ही पॅडची जाडी वेगवेगळी पाहिली, हे फार चांगले केले, कारण खरा दोष त्या फरकातच दिसतो आहे. आपल्या गाडीसारख्या बहुतेक लहान गाड्यांत कॅलिपरला (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमट्यासारखे धरणाऱ्या भागाला) एकाच बाजूला, म्हणजे आतून, पिस्टन असतो. पेडल दाबले की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट दाबामुळे संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. या स्लायडर पिना गंजल्या किंवा त्यांतील ग्रीस सुकले की कॅलिपर सरकत नाही आणि जवळजवळ सारे काम एकटा आतला पॅड करू लागतो. पिस्टन मागे न फिरणे हेही एक कारण असू शकते, परंतु कोकणातील पाऊस आणि दमट हवा लक्षात घेता मी प्रथम पिनांकडे पाहीन. एकच पिन अडकली असेल, तर एका बाजूने अडकलेला कपाटाचा खण जसा तिरका होतो, तसा कॅलिपर तिरका ओढला जातो आणि पॅड पाचरीसारखा एका टोकाला अधिक झिजतो.

म्हणून दुकानदाराचे म्हणणे मला मान्य नाही. पॅडसोबत ब्रॅकेटमधील (पॅड ज्या चौकटीत बसतात तिच्यातील) स्टीलच्या क्लिपा, पॅडच्या पाठीवरील शिम (पातळ पत्रे), पिनांचे रबरी बूट आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस एवढे साहित्य आणावे. पिनेवर खड्डे पडले असतील तर पिनही नवी घ्यावी. हे सारे मिळून पॅडच्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. चेसिससाठी वापरले जाणारे साधे ग्रीस येथे कदापि चालत नाही. ब्रेकमधील रबर ब्रेक ऑइलला टिकणाऱ्या जातीचे असते आणि खनिज तेलाच्या संपर्काने ते फुगते, त्यामुळे आज मोकळी केलेली पिन काही महिन्यांत पूर्वीपेक्षा घट्ट होते.

आता क्रम सांगतो. गाडी सपाट, टणक जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडी उचलल्यावर ती जॅक स्टँडवर टेकवावी. गाडीबरोबर येणारा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो आणि नुसत्या त्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालणे जिवावर बेतू शकते. एका वेळी एकाच बाजूचे काम करावे, म्हणजे क्लिप कशी बसली होती याची शंका आल्यास दुसरी बाजू पाहता येते, आणि एका बाजूचा पिस्टन दाबताना दुसऱ्या बाजूचा बाहेर येण्याचा धोकाही राहत नाही. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते.

सामान्यतः खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवता येतो. पूर्ण काढावा लागला, तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. पॅड निघाल्यावर दोन्ही पिना बाहेर काढाव्यात. अनेक गाड्यांत त्या दोन एकसारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबराचे लहान बूश असते, तेव्हा कोणती कोठून निघाली याची खूण करून ठेवावी. जुने ग्रीस पुसून, पिन आणि तिचे छिद्र ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून नव्या ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि पिन बोटांच्या जोराने सहज आत-बाहेर सरकते याची खात्री करावी. ग्रीस ठासून भरले तर आत कोंडलेली हवा पिनेला पुन्हा बाहेर ढकलते. त्यानंतर ब्रॅकेटमधील जुन्या क्लिपा काढून त्यांच्या खालचा गंज तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासावा. बहुतेक जण येथेच कंटाळा करतात. क्लिपेखाली गंजाचा थर राहिला की नव्या पॅडचे कान (दोन्ही टोकांना पुढे आलेले भाग) खाचेत घट्ट बसतात, ब्रेक सोडल्यावर पॅड मागे येत नाही, डिस्क तापत राहते आणि पेट्रोलही अधिक जळते.

पॅड मागे घेण्यासाठी डिस्क ब्रेकमध्ये स्वतंत्र मोठी स्प्रिंग नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंग पिस्टन पुढे जाताना किंचित पिळली जाते आणि दाब सुटल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशांनी मागे ओढते. एवढ्याशा हालचालीवर पॅड मोकळा व्हायचा असतो. म्हणून पिन, क्लिप आणि खाच यांतील लहानसा अडथळाही पुरेसा ठरतो.

नवे पॅड जाड असल्यामुळे पिस्टन मागे ढकलावा लागतो. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबावे आणि मध्येच ब्रेक ऑइलच्या टाकीकडे पाहावे, कारण दाबलेले ऑइल वर चढते. पॅड झिजत असताना कोणी मध्ये ऑइल भरले असेल, तर ते बाहेर सांडेल. स्वच्छ सिरिंजने थोडे काढून घ्यावे. ब्रेक ऑइल रंग खाते, ते गाडीवर सांडल्यास तत्काळ पाण्याने धुवावे. पॅड बसवताना ग्रीसचा अगदी पातळ हात केवळ कानांवर द्यावा, घर्षणाच्या पृष्ठभागाला तेलकट बोटही लागू देऊ नये. झीज झाल्यावर किंचाळणारी धातूची पट्टी ज्या पॅडला आहे, तो जुना जेथे होता तेथेच बसवावा. बोल्ट आणि चाकाचे नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर), नट समोरासमोरच्या क्रमाने, आवळावेत. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

डिस्कही मोजावी. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ २० मिमीच्या डिस्कवर १८ मिमी. त्याखाली गेलेली डिस्क बदलावीच लागते. कडेला न झिजलेला उंचवटा राहतो, त्यावर टेकवलेला साधा व्हर्निअर डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो, म्हणून माप कडेच्या आत, पॅड घासतो त्या पट्ट्यावर घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की काम संपल्यावर गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. मागे ढकललेला पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पेडल तळाला जाते, आणि या अवस्थेत गाडी उतारावर सोडली तर ती थांबणार नाही.

प्रश्न : माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. मी पुढचे पॅड स्वतः बदलले, नळी कोठेही उघडली नाही, ऑइलची पातळीही योग्य आहे. तरीही पेडल बरेच खाली जाते आणि दोनदा दाबल्यावर वर येते. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की हवा शिरली आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : नळी उघडली नसेल आणि टाकी रिकामी झाली नसेल, तर हवा शिरण्याला वाव फार कमी आहे. आपण गाडीचे वर्णन केले आहे त्यावरून मागे ड्रम आहेत. एक सोपी चाचणी करून पाहावी. हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून पेडल दाबावे. पेडल स्पष्टपणे वर लागले, तर मागच्या ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे भाग) आणि ड्रम यांतील अंतर वाढलेले आहे आणि पेडलची चाल तेथेच वाया जाते. पुढचे काम नवे झाल्यामुळे आपले लक्ष पेडलकडे गेले, दोष कदाचित आधीपासून असेल. मागचे ड्रम उघडून शूवरील लायनरची जाडी पाहावी आणि हे अंतर जुळवणारा ॲडजस्टर मोकळा फिरतो का ते तपासावे.

हँडब्रेक ओढूनही फरक पडला नाही, तर पुढे पुन्हा पाहावे. पॅडचा एखादा कान खाचेत पूर्ण न बसता क्लिपेवर चढलेला असणे, किंवा शिम दुमडलेली असणे, अशा चुका सहज होतात. पॅड डिस्कला सपाट टेकत नसेल तर तो दाबाखाली वाकतो आणि पेडल लवचिक लागते. डिस्क हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) बसते त्या जागी गंजाची खपली राहिली असेल, तर डिस्क किंचित डगमगत फिरते आणि पॅडना मागे ढकलत राहते. पेडल सावकाश दाबून धरले असता हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाची) शंका घ्यावी आणि गाडी रस्त्यावर न काढता जाणकाराला घरी बोलवावे.

प्रश्न : सिरॅमिक पॅड अधिक चांगले असतात का? — एक वाचिका, पुणे

उत्तर : ते आवाज कमी करतात आणि चाकांवर काळी धूळ कमी बसवतात, परंतु ब्रेक अधिक जोरात लागेलच असे नाही. काही पॅडच्या कडेला छापलेल्या सांकेतिक ओळीच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले सामान्य तापमानातील आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतील घर्षण दर्शवते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ इतका घर्षणगुणांक. घाटात जाणाऱ्याने पहिल्यापेक्षा दुसरे अक्षर उतरलेले पॅड टाळावेत. शक्यतो गाडीच्या निर्मात्याने सांगितलेल्या क्रमांकाचे पॅड अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन विकत घ्यावेत, कारण दिसायला हुबेहूब असलेले बनावट पॅड बाजारात मिळतात.

प्रश्न : नवे पॅड टाकून दुसऱ्याच दिवशी आंबोली घाट उतरलो. अर्ध्या वाटेवर जळका वास आला, पेडल दगडासारखे घट्ट होते, पण गाडी आवरेना. पॅड खराब निघाले असे समजावे का? शिवाय पावसात रोज सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पेडल घट्ट होते हे आपण नेमके नोंदवले, त्यामुळे निदान सोपे झाले. घाटात ब्रेक दोन प्रकारे दगा देतात. पेडल घट्ट राहून गाडी थांबत नसेल, तर पॅड अति तापलेले असतात. पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइलमध्ये वाफ झालेली असते. आपला प्रकार पहिला आहे. नव्या पॅडमधील बांधणीची राळ पहिल्यांदा खूप तापली की वायू सोडते आणि पॅड व डिस्क यांच्या मधोमध त्याचा थर आल्याने घर्षण एकदम घटते. यासाठी नवे पॅड आधी बसू द्यावे लागतात. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी सुमारे ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करावा, मग थोडे अंतर चालवून डिस्कला वारा लागू द्यावा, आणि असे आठ-दहा वेळा करावे. मध्ये गाडी पूर्ण थांबवून तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवू नये. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि जोराचे ब्रेक टाळता आले तर उत्तम.

आपल्या पॅडचा पृष्ठभाग आता काचेसारखा चकचकीत झाला आहे का ते पाहावे. झाला असेल किंवा चिरा दिसत असतील, तर ते बदलावेत. चकाकी नसेल तर वरील रीतीने बसवून पुन्हा वापरता येतील. उतरताना ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरमध्ये राहावे आणि ब्रेक सतत टेकवून न ठेवता वेळोवेळी नेमका दाबून सोडावा.

दुसऱ्या प्रकाराचा धोका टाळण्यासाठी ऑइलकडेही पाहावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्याकडच्या हवेत दर दोन वर्षांनी ते बदलणे मला आवश्यक वाटते, आणि सीलबंद नसलेली जुनी बाटली कधीही वापरू नये.

सकाळच्या गंजाची चिंता नको. डिस्क बिडाची असते, रात्रभराच्या ओलाव्याने वर पातळ थर येतो आणि पहिल्या काही ब्रेकमध्ये तो पुसला जातो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर मात्र पॅड टेकलेल्या जागी खोल डाग पडतो आणि पेडलमध्ये ठोके जाणवू लागतात.

प्रश्न : मोटरसायकलचे पुढचे पॅड बदलल्यापासून चाक जड फिरते. थोडे अंतर गेल्यावर डिस्क हाताला चटका देते. बसवण्यापूर्वी सर्व भाग पेट्रोलने धुतले होते. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पेट्रोलने धुणे हे येथे कारण असण्याचा मोठा संभव आहे. अनेक गॅरेजांत पेट्रोल किंवा रॉकेलने सरसकट धुलाई होते, पण पिस्टनच्या सीलला दोन्ही घातक आहेत. सील फुगले की पिस्टन परत फिरत नाही. तसे झाले असल्यास सीलचा संच बदलावा लागेल आणि त्यासाठी हायड्रॉलिक भाग उघडावा लागतो, तेव्हा ते काम सवय असलेल्या माणसाकडे द्यावे.

तत्पूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. झिजलेल्या पॅडमुळे पिस्टनचा बराच भाग बाहेर राहून त्यावर चिखल आणि गंज बसतो, आणि तो तसाच मागे ढकलला तर घाण सीलमध्ये जाते. पुढल्या वेळी पॅड काढल्यावर पिस्टन साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने स्वच्छ करून मगच ढकलावा. दुसरे, ब्रेकच्या लिव्हरला किंचित मोकळी चाल आहे का ते तपासावे. लिव्हर मास्टर सिलिंडरचा पिस्टन थोडासाही दाबून ठेवत असेल, तर ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकले जाते. मग तापलेले ऑइल प्रसरण पावून ब्रेक आपोआप लागत जातो. ज्या पिनेवर पॅड अडकवलेले असतात, ती गंजून खाचली असेल तर पॅड तिच्यावरच अडकतात. ती पिन स्वस्त असते, घासत बसण्यापेक्षा नवीच घ्यावी. हे सारे तपासून होईपर्यंत गाडी चालवू नये.

प्रश्न : आम्ही कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात राहतो. येथे मजुरी परवडत नाही, म्हणून मागचे पॅड स्वतः बदलायचे आहेत. हँडब्रेक बटणाचा आहे. मागच्या वेळी नवे पॅड खाचेत शिरेनात म्हणून त्यांचे कान कानशीने घासले होते. — एक वाचिका, ऑन्टारिओ

उत्तर : बटणाच्या हँडब्रेकमध्ये मागच्या कॅलिपरवर लहान विद्युत मोटर असते आणि ती आतील स्क्रूने पिस्टन पुढे धरून ठेवते. क्लॅम्पने तो बळेच दाबल्यास यंत्रणा मोडते. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे ती प्रथम देखभाल स्थितीत न्यावी. काही गाड्यांत हे बटण आणि पेडलच्या ठरावीक क्रमाने होते, काहींना स्कॅनर जोडावा लागतो. मोटर मागे गेल्यावरच पिस्टन दाबावा, आणि काम चालू असताना कोणी बटणाला हात लावणार नाही याची काळजी घ्यावी.

कान घासण्यापेक्षा अडचणीचे मूळ काढावे. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठामुळे ब्रॅकेट क्लिपेखाली गंजते, गंज फुगतो आणि क्लिपेला वर उचलून खाच अरुंद करतो. पॅड मूळ मापाचाच असतो. कान घासून तो आज बसतो, पण गंज वाढतच राहतो आणि पुढल्या हिवाळ्यात पॅड जागीच अडकतो. क्लिपा काढून ब्रॅकेट कानशीने आणि ब्रशने धातूपर्यंत साफ करावे, आणि धातू खोलवर खाल्ला गेला असेल तर ब्रॅकेटच बदलावे. तिकडे हिवाळी आणि उन्हाळी टायर बदलताना वर्षातून दोनदा चाके उतरतातच. त्यांपैकी वसंत ऋतूतील खेपेला, मीठ थांबल्यावर, कॅलिपर उघडून पिनांना नवे ग्रीस द्यावे आणि आतल्या व बाहेरच्या पॅडची जाडी वेगवेगळी मोजून लिहून ठेवावी. दोहोंत २ मिमीहून अधिक फरक दिसला, तर पॅड शिल्लक असले तरी पिना त्याच दिवशी मोकळ्या कराव्यात.